लक्ष्मी रस्त्यावर दिवसभर बँड ऐकायचे असतील तर उभे कुठे राहावे?

नारायणपेठी :

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीवर इथे दरवर्षी एखादा तरी धागा निघतो आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादापासून तो ढोल असावेत की नसावेत या वादात जाऊन रुततो. हा धागा त्यासाठी नाही. मला केवळ बँडविषयी लिहायचे आहे. बँड म्हणजे गणवेशातला, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम (खालच्या सुरांचे पितळी वाद्य) आणि साइड ड्रम असलेला, पुढे हाताने इशारे करणारा मास्तर असलेला आपला जुना ब्रास बँड. लग्नाच्या वरातीत तो भेटतो, पण तिथे त्याला ऐकायला कोणालाच सवड नसते, कारण निम्म्या लोकांना नाचायचे असते आणि उरलेल्यांना मुहूर्त चुकण्याची धास्ती असते. एकापाठोपाठ एक चांगले बँड, तेही दिवसभर आणि एक रुपयाही न मोजता ऐकायला मिळतील, असा दिवस पुण्यात वर्षातून एकदाच येतो आणि तो विसर्जनाचा असतो.

सवाई गंधर्व महोत्सवाला आपण तिकीट काढून, सतरंजी आणि थर्मास घेऊन, कोणाच्या गाण्याला पुढे सरकायचे आणि कोणाच्या वेळी चहाला उठायचे याचा हिशेब मांडून जातो. तेवढ्याच निगुतीने एकदा बँड ऐकायला जावे, असे बरीच वर्षे मनात होते आणि 2025 साली, म्हणजे 6 सप्टेंबरच्या शनिवारी, ते जमले. त्याआधी चाळीसेक वर्षे मी ही मिरवणूक पाहिली आहे, पण ती पाहिली आहे, ऐकलेली नाही. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पालखी दिसली की झाले, आणि मोठेपणी परगावच्या पाहुण्यांना मानाचे पाच गणपती क्रमाने दाखवले की यजमानाचे कर्तव्य संपले. बँड म्हणजे पालखी जवळ आल्याची वर्दी, यापलीकडे त्याला आमच्या घरात किंमत नव्हती.

मिरवणूक त्या वर्षी नेहमीपेक्षा तासभर आधी, सकाळी साडेनऊच्या सुमारास मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघणार होती. मी नऊ वाजता बेलबाग चौकात जाऊन उभा राहिलो आणि ती पहिली चूक ठरली. मंडईकडून येणारी मिरवणूक तिथे लक्ष्मी रस्त्यावर वळते, त्यामुळे प्रत्येक मंडळ तिथे थबकते, प्रत्येक पथकाला तिथेच आपले कसब दाखवायचे असते, आणि पुढच्या बँडचे नाट्यपद अंतऱ्यापर्यंत पोचते न पोचते तोच मागचे ढोल त्याच्यावर कोसळतात. तासाभरात मला गर्दीचे धक्के भरपूर मिळाले, पण सलग एकही गाणे मिळाले नाही.

मग बोळाबोळांतून वाट काढत कुंटे चौक आणि उंबऱ्या गणपती यांच्या मधल्या टप्प्यात आलो आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर जागा मिळाली. इथे चौक नाही, त्यामुळे कोणी मुद्दाम थांबत नाही. मात्र पुढे चौकात काही अडले की मागचा बँड नेमका आपल्यासमोर उभा राहतो. असा एक बँड माझ्यासमोर जवळजवळ वीस मिनिटे उभा होता. मास्तरांनी मागे वळून पाहिले, पालखी बरीच मागे आहे याची खात्री करून घेतली आणि चालीचे गाणे सोडून एक संथ भजन घेतले. एका वयस्कर वादकाने क्लॅरिनेटवर मुखडा उचलला. ट्रम्पेटवाल्यांनी त्याला उत्तर दिले नाही, वाद्ये खाली धरून ते ऐकत राहिले आणि फक्त युफोनियमने खालचा सूर भरला. ड्रमवाल्याने काड्या बगलेत मारल्या आणि बोटांनी ठेका धरला. माझ्या शेजारी उभे असलेले गृहस्थ मोबाइलवर चित्रीकरण करत होते. त्यांनी तो खिशात ठेवला. मागून ढोल येईपर्यंत ते चालले.

त्या वीस मिनिटांवरून मला असे वाटू लागले आहे की या दिवशी ऐकण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दोन गणपतींमधले अंतर. पोलिसांना आणि वाहिन्यांच्या निवेदकांना ते अंतर खुपते, मिरवणूक रेंगाळली अशी ओरड होते, पण बँडला मोकळी हवा मिळते ती त्याच अंतरात. यात मिरवणूक उशिरा संपावी असे माझे म्हणणे नाही. 2022 साली ती 31 तास चालली होती आणि ते कोणालाही भूषणावह नव्हते.

दुपारनंतर मी आणखी एक प्रयोग केला. एका बँडबरोबर उंबऱ्या गणपतीपासून टिळक चौकापर्यंत, म्हणजे ज्याला आपण अजूनही अलका टॉकीजचा चौकच म्हणतो तिथपर्यंत, चालत गेलो. जवळ असल्याने जास्त ऐकू येईल अशी समजूत होती. प्रत्यक्षात मला पूर्ण वेळ एका सॅक्सोफोनवाल्याची उजवी बाजू आणि बेस ड्रम एवढेच ऐकू आले.

तेव्हा जाणकारांना विचारायचे ते असे. एका जागी उभे राहून बँड येऊ द्यावेत, की आवडलेल्या बँडबरोबर चालावे? आणि एकाच जागी उभे राहायचे तर ती जागा कोणती?

रीड अडीच :

धागाकर्त्यांचे आभार, कारण बँडविषयी कोणी आवाज किती याखेरीज काही विचारल्याचे मला आठवत नाही. मी बावीस वर्षे क्लॅरिनेट वाजवले आहे, त्यांपैकी बारा विसर्जने या रस्त्यावर. आता दम पुरत नाही म्हणून घरी बसतो.

तुमच्या प्रयोगाचे कारण सोपे आहे. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांचे तोंड पुढे असते आणि त्यांचा टोकदार आवाज त्या तोंडाच्या दिशेनेच जातो. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा आवाज बव्हंशी भोकांतून निघतो, त्यामुळे तो आजूबाजूला पसरतो. युफोनियमचे तोंड आकाशाकडे असते. बँड समोरून येत असताना तुम्हाला आधी ट्रम्पेट ऐकू येतात, शेजारून जाताना क्लॅरिनेट, आणि पुढे निघून गेला की फक्त ड्रम उरतात. तुम्ही बरोबर चाललात म्हणजे या तिन्हींपैकी एकाच अवस्थेत अडकून पडलात. एका जागी उभे राहणाऱ्याला तिन्ही मिळतात, आणि ज्याचे कान तयार आहेत त्याला एकाच गाण्यात मिळतात. म्हणून माझे मत स्पष्टपणे उभे राहण्याच्या बाजूने आहे.

जागेविषयी सांगायचे तर रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना इमारती उंच असाव्यात. उघड्या मैदानात युफोनियमचा आवाज वर जातो तो जातोच. लक्ष्मी रस्त्यावर तो भिंतींवर आदळून खाली येतो. आम्हाला वाजवतानाही फरक कळायचा. टिळक चौकात पोचलो की एकदम आपला बँड निम्मा झाल्यासारखा वाटायचा, कारण तिथे सगळे मोकळे आहे आणि आवाज परत येत नाही. लोक मात्र शेवटचा चौक म्हणून तिथेच गर्दी करतात. तुम्ही सांगता तो कुंटे चौकापुढचा टप्पा मला योग्य वाटतो. गोखले हॉलपर्यंत कुठेही चालेल.

आता थोडे पट्टीविषयी, कारण श्रोत्यांना हे माहीत असले तर मजा वाढते. आमचे नेहमीचे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट हे बी फ्लॅटचे असतात, म्हणजे पेटीच्या भाषेत काळी पाच, पाचवी काळी पट्टी. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, म्हणजे काळी दोन. वाजवायला सर्वांत सुखाचे गाणे ते, ज्याचा सा यांच्या आसपास पडतो. मूळ गायिकेने काळी चारमध्ये गायलेले पद बँडवर ऐकताना वेगळेच वाटते, त्यामागे मास्तरांनी ते उचलून सोयीच्या पट्टीत बसवलेले असते हे एक कारण असते. प्रत्येक वाद्याला आपापल्या पट्टीत लिहून द्यावे लागते आणि हे काम मास्तर रात्री जागून करतात. गणपतीसाठी नवे गाणे बसवायचे म्हणजे श्रावणापासून तयारी चालते.

दुसरी गोष्ट मींडेची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाण्याची. पेटीवर मींड निघत नाही आणि ट्रम्पेटवर ती तीन पडद्यांच्या, म्हणजे दाबायच्या कळांच्या, मधून चोरून काढावी लागते. क्लॅरिनेटवर मात्र बोट भोकावरून हळूहळू सरकवून आणि ओठांचा दाब बदलून दोन सुरांमधला रस्ता दाखवता येतो. म्हणून भजन, अभंग, नाट्यपद आले की मुखडा क्लॅरिनेटकडे येतो आणि नाचाचे गाणे आले की ट्रम्पेटकडे. तुमच्या त्या वयस्कर वादकाला भजन कोणी मुद्दाम दिले नसेल. ते त्याच्याकडेच जायचे असते. ट्रम्पेटवाल्यांनी उत्तर दिले नाही हे मात्र मास्तरांचे शहाणपण, आणि असा मास्तर सापडला की त्या बँडचे नाव लिहून ठेवावे.

अवांतर, पण राहवत नाही म्हणून. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन हे दोन्ही, काटेकोर बोलायचे तर, ब्रास नव्हेतच, कारण त्यांचा आवाज वेताच्या पत्तीतून, म्हणजे रीडमधून निघतो. सॅक्सोफोन पितळेचा असूनही त्याची गणना काष्ठवाद्यांत होते. त्या पत्तीमुळेच पाऊस आमचा शत्रू. दमट हवेत ती फुगते आणि जड होते, तर उन्हात सुकून चिरकते. मी खिशात पाच पत्त्या घेऊन निघायचो आणि घरी येईपर्यंत एखादीच धड उरायची. गुलालाविषयी काय बोलावे! गुरुजी तालमीच्या गणपतीपुढे गुलाल उधळणे ही परंपरा आहे आणि ती पाहायला डोळ्यांना सुंदर आहे, पण ट्रम्पेटच्या पडद्यांत तो गेला की पडदा खाली गेलेला वर येत नाही. असे झाले की वाजवणारा गाल फुगवून नुसते सोंग करतो. श्रोत्यांपैकी कोणी ते आजवर ओळखलेले नाही.

कर्वेनगरकर :

एक रुपयाही न मोजता, हे वाचून गंमत वाटली. बँडची सुपारी मंडळ देते आणि मंडळाकडे पैसे येतात ते वर्गणीतून आणि जाहिरातींच्या कमानींतून. आमच्या सोसायटीच्या दारात पावतीपुस्तक घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलांना आपण फुकट ऐकतो आहोत हे सांगून पाहा. दहा दिवस रस्ता अडवणाऱ्या त्या कमानींचे भाडे धरले, तर सवाईचे तिकीट स्वस्त पडेल.

नारायणपेठी :

कर्वेनगरकर, आपला मुद्दा मान्य. फुकट हा शब्द मी वापरलेला नाही, पण आशय तोच होता. एवढेच म्हणतो की वर्गणी मी गेली तीस वर्षे देतच होतो, पण तिच्यातून घेतलेले संगीत ऐकले मात्र पहिल्यांदाच.

रीड अडीच यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. काळी पाचचे ध्यानात ठेवून यंदा खिशात तंबोऱ्याचे ॲप घेऊन जाणार आहे.

टिपरू :

मी एका ढोल-ताशा पथकात नऊ वर्षे वाजवते. धागाकर्त्यांनी ढोल कोसळतात असे लिहिले आहे, त्यावर रागावण्याचा विचार होता, पण नदीपात्रातला सराव संपवून घरी येताना माझे मलाच काही ऐकू येत नाही, त्यामुळे तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

मात्र बँड आणि पथक यांच्यात वैर असते असा समज होऊ नये. आमच्या पुढे बँड असेल तर पथकप्रमुख आणि मास्तर यांचे बोलणे झालेले असते. बँडचे गाणे संपल्याची खूण आली की मग ताशा उठतो. हे ठरलेले मोडते ते मागून पुढे सरका असा दट्ट्या आल्यावर, कारण तेव्हा दोघांमधले अंतर पंचवीस-तीस पावलांवर येते आणि शंभर ढोलांना हळू वाजवा असे कोणी सांगू शकत नाही. वादकसंख्येचा वाद आपल्याला आठवत असेल. 2024 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एका पथकात तीसच वादक असावेत असे सांगितले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्याला स्थगिती दिली. मला स्वतःला तीस फार कमी वाटतात, पण बँडच्या मागे चालणाऱ्या पथकाने ढोल मोजकेच ठेवावेत असे माझे मत आहे, आणि ते पथकात कोणालाही आवडत नाही.

ज्यांना बँडखेरीजही काही ऐकायचे आहे त्यांच्यासाठी एक सूचना. ढोल ऐकू नका, ताशा ऐका. ढोल सगळे एकच बोलतात. बदलाची खूण ताशाकडून येते. दोन बारीक काड्यांनी ताशावादक पुढचा हात, म्हणजे पुढचा ठेका, उचलतो, त्यावर टोलाचा, म्हणजे धातूच्या घंटेचा, ठोका पडतो आणि मग सगळे पथक वळते. चार-सहा ताशे आपसांत सवाल-जवाब करतात तेव्हा ढोल खाली गेलेले असतात, आणि तेवढा वेळ खरोखर ऐकण्यासारखा असतो. पथक एका जागी उभे राहून वाजवते तेव्हाच हे नीट कळते, चालताना नाही.

कुंटे चौक दुसरा मजला :

आमच्या घराचा सज्जा धागाकर्त्यांच्या पायरीच्या बरोबर वर असावा असे वर्णनावरून वाटते. तीन पिढ्या आम्ही ही मिरवणूक वरून पाहत आलो आहोत. रीड अडीच यांनी युफोनियमचे जे लिहिले आहे ते अक्षरशः खरे आहे. माझी आजी त्याला भोंगा म्हणायची आणि पालखी दिसण्याआधी भोंगा घरात येतो असे सांगायची. वर क्लॅरिनेट कमी पोचते आणि भोंगा, बेस ड्रम आणि ढोल जास्त पोचतात. म्हणून निव्वळ बँड ऐकायचा असेल तर सज्जापेक्षा पायरी बरी, हे मी जागेचा मालक असूनही कबूल करतो.

आता नको असलेले बोलतो. सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठाचे विद्यार्थी आणि प्राध्यापक दरवर्षी बेलबागेपासून खंडुजीबाबा चौकापर्यंत दहा चौकांत आवाज मोजतात. आकडे बहुतेक वर्षी सरासरी नव्वद डेसिबलच्या वर जातात, आणि वाणिज्य भागाची दिवसाची कायदेशीर मर्यादा 65 आहे. बँड एकटा असेल तेव्हा काच वाजत नाही. पथकाच्या वेळी वाजते, आणि संध्याकाळनंतर स्पीकरच्या भिंती आल्या की कपाटातली भांडी सरकतात. दिवसभर असे नारायणपेठी यांनी शीर्षकात लिहिले आहे. माझ्या घरातून पाहता ऐकण्याजोगा दिवस चार-साडेचारपर्यंतच असतो.

कानांविषयी एक हिशेब सर्वांनी लक्षात ठेवावा. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी अमेरिकेतील नायोश ही संस्था जे प्रमाण सांगते, त्यानुसार 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि असे करत 100 ला पंधरा मिनिटे. ज्यांना दिवसभर उभे राहायचे आहे त्यांनी फोमचे बोळे खिशात ठेवावेत. बँड असताना काढावेत, पथक आले की घालावेत. माझ्या वडिलांनी कापूस वापरला आणि सत्तराव्या वर्षी श्रवणयंत्र घेतले. कापसाने आवाज फारसा अडत नाही.

रीड अडीच :

कुंटे चौकवाल्यांनी बरे केले. जाड आवाज बारीक आवाजाला झाकून टाकतो, बारीक आवाज जाड आवाजाला झाकत नाही. म्हणून ढोलापुढे क्लॅरिनेट हरते आणि क्लॅरिनेटपुढे ढोल कधीच हरत नाही. बोळे घातल्यावर क्लॅरिनेट आणखीच मंद होते, तेव्हा ते बँडच्या वेळी काढावेत ही सूचना योग्य आहे. आम्हा वादकांना मात्र बोळे घालता येत नाहीत, कारण मग स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. माझा डावा कान, जो नेहमी ट्रम्पेटच्या बाजूला असायचा, आता फोनसाठी निकामी आहे.

पाहुणी सोलापूरची :

धागा वाचून यंदा यायचा विचार पक्का होतो आहे. तीन शंका आहेत. पहिली, बरोबर नऊ वर्षांची मुलगी असेल, तिला आणावे का? दुसरी, गाडी कुठपर्यंत आणता येते? आणि तिसरी, जी पुरुषमंडळींच्या प्रतिसादांत कधीच नसते, ती म्हणजे बायकांनी दिवसभर त्या रस्त्यावर काढायचा तर स्वच्छतागृहाचे काय?

टिपरू :

पाहुणी, तिसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण आम्ही पथकातल्या मुली ते अनुभवाने शिकलो आहोत. फिरती स्वच्छतागृहे असतात, पण ती चौकांच्या जवळ असतात आणि दुपारी दोननंतर त्यांच्याकडे जाववत नाही. पेठेत कोणी नातेवाईक असेल तर त्यांना आठवडाभर आधी फोन करून ठेवावा. आमच्या पथकातल्या एकीची मावशी शनिवार पेठेत राहते आणि त्या दिवशी तिच्याकडे तीस मुली येऊन जातात. ती दारात पोह्यांचे पातेले ठेवून बसते. मावशी नसेल तर मेट्रो स्थानकातील सोय सर्वांत बरी.

गाडी आणूच नये. मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी स्थानके 2024 च्या सप्टेंबरअखेर, म्हणजे त्या वर्षीचे विसर्जन होऊन गेल्यावर सुरू झाली, त्यामुळे 2025 ला ती पहिल्यांदाच कामाला आली आणि मेट्रो रात्रभर चालू होती. पण मंडईला उतरलात तर थेट गर्दीच्या पोटात उतराल. डेक्कन जिमखाना स्थानकावर उतरून लकडी पुलावरून अलका चौकात या आणि तिथून मिरवणुकीच्या उलट दिशेने, शक्यतो सकाळी दहाच्या आत, उंबऱ्या गणपतीकडे चाला. त्या वेळी मिरवणूक तिथवर पोचलेली नसते आणि रस्ता मोकळा असतो.

मुलीला जरूर आणा, पण लहान मुलांसाठी कानावर बसणारे हेडफोनसारखे झाकण मिळते, ते घ्या. बोळे मुले काढून टाकतात.

रात्रपाळी :

सगळे सकाळविषयीच बोलत आहेत म्हणून लिहितो. माझी नोकरी अशी आहे की मला मिरवणूक मध्यरात्रीनंतरच मिळते. बारा वाजता ध्वनिवर्धक बंद होतात ते सकाळी सहापर्यंत, आणि तो क्षण अनुभवण्यासारखा असतो, कारण कान इतके सुन्न झालेले असतात की एकदम आपल्याच चपलांचा आवाज येतो. काही वर्षांपूर्वी अशाच वेळी, पहाटे तीनच्या सुमारास, विजय टॉकीजच्या अलीकडे एका लहान मंडळाचा बँड पाहिला. दहा-अकराच वादक होते, दोघे फुटपाथवर बसलेले, गणवेशाची बटणे उघडी. पुढची मिरवणूक अडली होती आणि कार्यकर्ते चहा आणायला गेले होते. कोणी सांगितलेले नसताना त्यांच्यातल्या एकाने ट्रम्पेटच्या तोंडात रुमाल कोंबला आणि अगदी हळू, जणू घरात कोणी झोपले आहे अशा बेताने, भैरवी वाजवली. ऐकायला आम्ही सहा-सात जण आणि एक पोलीस हवालदार. हवालदारांनी हात जोडले. त्या बँडचे नाव विचारायचे राहून गेले आणि गणवेशावर लिहिलेले मंद उजेडात वाचता आले नाही.

दिवसभर तिथे थांबणे शक्य नसेल तर मधे घरी जाऊन झोपावे आणि दोनला परत यावे, असे सुचवतो. दर वर्षी असे काही ऐकायला मिळेलच याची खात्री नाही. तीन वेळा मी नुसता चहा पिऊन परत आलो आहे.

कर्वेनगरकर :

रात्रपाळी यांचा प्रतिसाद आवडला. वर्गणीविषयीचे मत कायम आहे.

एक माहितीवजा भर. दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे बरीच वर्षे प्रभात आणि दरबार हे दोन्ही बँड असतात, आणि स्वरूपवर्धिनीचे पथकही. पूर्वी तो गणपती रात्री उशिरा निघायचा, त्यामुळे हे बँड ऐकायचे तर जागरणाला पर्याय नव्हता. 2023 पासून तो दुपारी चारच्या सुमारास मिरवणुकीत येतो. म्हणजे कुंटे चौकवाल्यांनी ऐकण्याजोगा दिवस जिथे संपतो असे लिहिले आहे, त्याच्या शेवटच्या तासात पुण्यातली बँडची दोन सर्वांत परिचित नावे मिळू शकतात. गर्दीही तेव्हाच सर्वांत जास्त असते. मी पत्नीला घेऊन दरवर्षी जातो, हे वरच्या प्रतिसादात लिहायचे राहिले.

नारायणपेठी :

सर्वांचे आभार. माझ्यापुरता बेत असा ठरला आहे. सकाळी डेक्कनकडून उलट चालत येऊन दहाच्या आत पायरी गाठायची, मानाचे पाचही गणपती तिथून न हलता ऐकायचे, तुळशीबागेची उंच मूर्ती येईपर्यंत डबा उघडायचा नाही, केसरीवाड्याची, म्हणजे मानाच्या पाचव्या गणपतीची, पालखी गेली की मधल्या वेळात बोळातून जाऊन पाय मोकळे करायचे, आणि दगडूशेठचे दोन्ही बँड झाले की स्पीकरच्या भिंती यायच्या आत घर गाठायचे. रात्री दोनचा गजर लावून ठेवीन, पण उठेन असे वचन देत नाही.

रीड अडीच, आपण घरी बसता असे लिहिले आहे, ते एक दिवस सोडावे. शेजारी बसून कोणता ट्रम्पेटवाला खरा वाजवतो आहे आणि कोण गाल फुगवून सोंग करतो आहे, हे आपण सांगावे अशी फार इच्छा आहे. डाव्या बाजूची जागा आपल्यासाठी ठेवतो, म्हणजे डावा कान भिंतीकडे राहील. कुंटे चौकवाल्यांनी परवानगी दिली तर दुपारचा चहा दुसऱ्या मजल्यावर.

कुंटे चौक दुसरा मजला :

चहा आहे. जिन्यात चपला काढून यावे. पायरीवर दाटीवाटीने चारच माणसे मावतात, आणि सोलापूरच्या पाहुण्यांची मुलगी धरली तर ती आताच भरली आहे. कर्वेनगरकर आणि त्यांच्या पत्नींनी खुर्च्या आमच्याकडून न्याव्यात, पण पालखी समोर आली की त्या घडी करून ठेवाव्यात.

रीड अडीच :

येतो. येताना क्लॅरिनेट आणणार नाही, पण एक पत्ती खिशात असेल. गेल्या वेळी ट्रम्पेटच्या रांगेत डावीकडून तिसरा सोंग करत होता.